दोनशे अठ्ठ्याऐंशीच्या जागी बारा

८ डिसेंबर, रविवार

आज डिस्क भरली. सकाळी चहा घेऊन नेहमीसारखी यंत्रासमोर बसले, तर पडद्यावर लाल ओळ: जागा शिल्लक नाही. चार वर्षं अखंड चाललेला माझा नोड पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी बंद पडला होता.

"कोण गेलं?" नवऱ्याने, मुकुलनी, विचारलं. माझा चेहरा तसा झाला असावा.

टाळेबंदीत हा नाद लागला. आमचं हे आभासी नाणं छोटं आहे. जगभरात अडीच-तीन हजार संगणक, म्हणजे नोड, ते चालवतात, त्यांतला एक उणकलला आमच्या जेवणाच्या खोलीत, फ्रिजशेजारी. माझ्याकडे स्वतःची नाणी नावापुरती. मला आवडतं ते वेगळंच. पूर्ण नोड चालवायचा म्हणजे कुणाच्या शब्दावर विसंबायचं नाही. पहिल्या दिवसापासूनचा एकेक व्यवहार आपल्या यंत्राने स्वतः तपासायचा, खोटा असेल तर नाकारायचा. वीस वर्षं कॉलेजात संगणकशास्त्र शिकवते, पण इतकी सरळ गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

फक्त जागा फार लागते. साडेचारशे जीबीच्या वर गेलं. खरं तर तपासून झालेलं सगळं ठेवायचं कशाला? कुठली नाणी अजून खर्च झालेली नाहीत तेवढी यादी आणि शेवटचे थोडे व्यवहार ठेवले, बाकीचं टाकून दिलं, तरी पुढचं सगळं तपासता येतं. अशी छाटणी आमच्या प्रोग्रॅममध्ये आहे, पण ओबडधोबड. छाटूनही नव्वद जीबी उरतात.

अनिकेतला फोन केला. माझा जुना विद्यार्थी, आता तेहतीस वर्षांचा. दाजीबानपेठेत वडलांबरोबर कापडाचं होलसेल दुकान बघतो. या प्रोग्रॅममध्ये बदल स्वीकारण्याचा अधिकार जगात पाच जणांना आहे, त्यांतला तो एक. दुकानात कुणाला हे माहीत नाही. म्हणाला, "छाटणी कमी पडते हे खरंय. मॅडम, तुम्हीच करा की."

का नाही?

१७ डिसेंबर, मंगळवार

अठरा जीबी!

नव्वदचे अठरा. तीन वेळा तपासलं. यादी घट्ट बांधली आणि मागे फिरण्याच्या नोंदींना कात्री लावली. या नोंदी कशासाठी ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच आठवेल. दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक गठ्ठा बंद होतो, त्याला ब्लॉक म्हणतात. कधीकधी जगात दोन ठिकाणी एकाच वेळी वेगवेगळे ब्लॉक तयार होतात, आणि पुढे त्यांतला एकच खरा ठरतो. मग चुकीच्या वाटेला गेलेल्या नोडला एक-दोन ब्लॉक मागे येऊन खरी वाट धरावी लागते. मागे येण्यासाठी या नोंदी लागतात. त्या जन्मभराच्या ठेवायची गरज नाही. शेवटच्या २८८ ब्लॉकांच्या, म्हणजे दोन दिवसांच्या, पुरेत.

कॉलेज सुटल्यावर दाजीबानपेठेत गेले. अनिकेतने गल्ल्याशेजारी मला स्टूल दिलं, चुरमुऱ्यांचं गिरमिट मागवलं. फाइल मी मेलने पाठवलीच होती. मोबाइलवर चाळत म्हणाला, "नाव कसं घालू मॅडम? पूर्ण की नुसतं वेदश्री?"

"नाव नको. कॉलेजात दहा प्रश्न विचारतील, बाहेरचं काम कधी करता म्हणून. तुझ्याच नावाने घाल."

"असं कसं? काम तुमचं आहे."

"अरे, घाल. मला काय करायचंय नाव."

२ जानेवारी, गुरुवार

नवी आवृत्ती आली. चर्चेच्या पानावर दोनशेच्या वर प्रतिक्रिया. ब्राझीलचा कुणी लिहितो, आता माझ्या जुन्या लॅपटॉपवरही पूर्ण नोड चालतो. सगळे आभार अनिकेतचे. त्याने खाली लिहिलं होतं, 'हे मुख्यतः एका स्नेह्यांचं काम आहे, त्यांना नाव नको आहे.' ते कुणी वाचलेलं दिसत नाही.

अळणावरहून उमेशचा फोन. स्टेशन रोडवर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या वर्षी धारवाडला मी दोन दिवसांचं शिबिर घेतलं, त्यात आला होता; दहावी नापास, पण सगळ्यांत हुशार. त्याच्या चिमुकल्या संगणकात जागाच नव्हती, म्हणून वर्षभर अडून बसला होता.

"अक्का, चालू झालं! अळणावरात बसून सगळ्या जगाचं तपासायला लागलोय. त्या अनिकेतसरांनी कमाल केली बघा."

"हो ना," म्हटलं.

नाव नको असं मीच म्हटलं होतं. मग दिवसभर भाजी चिरताना, पेपर तपासताना, एवढी कसली जळजळ? स्वतःचीच लाज वाटली. लिहून टाकलं, आता विसरायचं.

१९ जानेवारी, रविवार

उमेशला त्याच्या जुन्या हायस्कुलाने २६ तारखेला बोलावलंय. झेंडावंदन झाल्यावर मुलांना आणि शिक्षकांना नोड दाखवायचा. ज्या शाळेत नापास झाला तिथेच. फोनवर अर्धा तास बोलत होता, शर्ट कुठला घालू इथपर्यंत. अनिकेतलाही बेंगळुरूच्या एका संस्थेकडून मुलाखतीचं बोलावणं आलंय, फेब्रुवारीत. म्हणे या छाटणीमुळेच त्यांचं लक्ष गेलं.

२६ जानेवारी, रविवार

सावकाश लिहायला हवं.

कॉलेजातलं झेंडावंदन आटोपून साडेनऊला घरी आले. दहा वाजता उमेशचा फोन. आवाज ओळखू येईना. "अक्का, पडद्यावर नुसती लाल अक्षरं. दीडशे पोरं बसली होती पुढ्यात. हेडमास्तर म्हणाले, असू दे, पुढच्या वर्षी बघू. पोरं हसली."

मी म्हटलं, बघते काय झालंय. चर्चेचं पान उघडलं. काल संध्याकाळी कुठल्याशा भागाचं जाळं तीन तासांहून जास्त तुटलं होतं. तिकडच्यांनी वेगळेच ब्लॉक बनवले, जोडणी परत आल्यावर तीच वाट खरी ठरली आणि सगळ्या जगाला एकोणीस ब्लॉक मागे यावं लागलं. असं क्वचित होतं. बाकीचे नोड दोन मिनिटांत मागे आले. नव्या छाटणीवाले सगळे अडकले. मागे फिरायला नोंदीच नव्हत्या. तीनशेच्या वर लोक. नाणी कुणाची गेली नाहीत, पण आता प्रत्येकाने पहिल्यापासून साडेचारशे जीबी पुन्हा उतरवायचे.

नोंदी नसतील कशा? २८८ ठेवल्यात.

माझी फाइल उघडली. बारा.

चाचणी करताना दोन दिवस कोण थांबणार, म्हणून दोनशे अठ्ठ्याऐंशीच्या जागी बारा लिहिलं होतं. काम झालं की परत बदलायचं होतं. रोजचं मागे येणं एक-दोन ब्लॉकांचं, त्यामुळे तीन आठवडे कुणाला काही कळलं नाही. माझाही नोड बंद पडला होता. चहा ठेवायच्या गडबडीत मी तिकडे पाहिलंही नव्हतं.

साडेअकराला अनिकेतचा संदेश: 'मॅडम, तुमच्या फाइलमध्ये तो आकडा किती आहे, एकदा बघाल का?'

मी फाइलमध्ये १२ पुसून २८८ लिहिलं, फाइल साठवली, आणि मग उत्तर दिलं: 'माझ्या फाइलमध्ये २८८ आहे.'

त्याचं उत्तर लगेच आलं. 'बरं मॅडम.'

२७ जानेवारी, सोमवार

अनिकेतने सगळ्यांसाठी लिहिलंय: 'बदल मी स्वीकारला. आकडा मी तपासायला हवा होता. चूक माझी.' पानावर शिव्यांचा पाऊस आहे. त्याला वाटत असणार, फाइल घेताना त्याच्याच हातून काहीतरी बदललं. तो स्वतःच तसं म्हणतोय, मग मी मध्ये पडून गोंधळ कशाला वाढवू?

हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. खोडत नाही. राहू दे.

२ फेब्रुवारी, रविवार

अळणावरला जाऊन आले. उमेशने बोलावलं होतं, 'तुम्ही एकदा बघून जावा' म्हणाला. गाडीतून उतरले तर स्टेशनवर घ्यायला उभा. दुकानात खुर्ची पुसून दिली, बायको रेखा घरून शिरा घेऊन आली. गिऱ्हाइकांना सांगत होता, "या आमच्या अक्का. कॉलेजात शिकवतात. उणकलहून माझ्यासाठी आल्यात."

यंत्र बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतंच. पहिल्यापासून उतरवायला लागणार, आणि त्याच्या दुकानातलं नेट असं की दोन-अडीच महिने लागतील.

"शाळेतली पोरं रोज दुकानावरनं जातात," उमेश म्हणाला. "एक जण विचारतंय, अण्णा, जग तपासून झालं काय? हसत्यात. त्या अनिकेतला एकदा माझ्यासमोर आणा, अक्का. बारा लिहिताना डोकं कुठं होतं विचारतो. एवढी माणसं भरवशावर असताना एक आकडा बघता येत न्हाई?"

"बघायला हवा होता," मी म्हटलं.

"तुम्ही असता तर झालं असतं काय असं?"

रेखा शिऱ्याची बशी पुढे करून उभी होती. मी बशी घेतली. तोंडात घास होता म्हणून बोलता आलं नाही असं स्टेशनपर्यंत स्वतःला सांगत आले. घास केव्हाच गिळला होता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अनिकेतचा अधिकार काढून घेतला. चौघांनी मत दिलं, तिघे विरुद्ध एक. नऊ वर्षं तो हे काम करतोय. बेंगळुरूच्या संस्थेनेही कळवलं, तूर्त मुलाखत नको. हे त्याने मला सांगितलं नाही. मीच शहाण्यासारखी फोन करून विचारलं, मुलाखत कधी आहे. "रद्द झाली मॅडम," म्हणाला, आणि मग, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

संध्याकाळी मुकुल कोर्टातून आले. चहा देताना विचारलं, "एखाद्याने दुसऱ्याची चूक आपणहून अंगावर घेतली, तर खरी चूक करणाऱ्यावर काय जबाबदारी येते?"

"पक्षकार कोण?"

"एक मैत्रीण. कॉलेजातली."

त्यांनी कप खाली ठेवला. "कायद्याने फारसं काही नाही. पण तुझ्या मैत्रिणीला सांग, दहा दिवस झाले ती धड जेवत नाहीये. आणि आज चहात साखरेऐवजी मीठ घातलंय."

चहा ओतून दुसरा केला. बरं झालं, त्यांना काही कळलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दाजीबानपेठेत गेले. अनिकेतच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेले. आत तो पाठमोरा, ठाण उलगडून दाखवत होता. परत फिरले. शेजारच्या दुकानातून एक ब्लाउजपीस घेतला. मोरपंखी. या रंगाची एकही साडी माझ्याकडे नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज आत गेले.

दुपारी अडीचचा सुमार, गिऱ्हाईक नव्हतं. त्याचे वडील जेवायला गेले होते. अनिकेत उठून उभा राहिला, विद्यार्थी असल्यापासूनची सवय. मी स्टुलावर बसले नाही.

"अनिकेत, ते बारा माझे होते."

"हो मॅडम."

"हो म्हणजे?"

"तुमची मेल माझ्याकडे आहे ना. सतरा डिसेंबरची. त्यात बारा आहे. सव्वीस तारखेला तुम्हाला विचारण्याआधीच बघितलं होतं."

मेल! पाठवलेली फाइल त्याच्याकडे असणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वीस वर्षं संगणक शिकवते मी.

"मग विचारलंस कशाला?"

तो कापडाची घडी घालत राहिला. "वाटलं, तुम्ही बघाल आणि सांगाल. मग दोघांनी मिळून लिहिलं असतं. न तपासता मी घेतलं हे खरंच आहे मॅडम. तुमचं होतं म्हणून नाही तपासलं. तेवढी चूक माझीच. तेवढंच मी लिहिलं." घडी चुकली, पुन्हा उलगडली. "पण तुम्ही २८८ कळवलंत, त्याचं काय करायचं ते मला समजलं नाही."

"सगळ्यांना मेल दाखवायचीस."

"कशी दाखवणार? पहिला प्रोग्रॅम तुम्ही लिहायला शिकवलात. लॅबमध्ये सगळे निघून गेले तरी तुम्ही थांबायचात माझ्यासाठी."

मी रडले. दुकानात, दिवसाढवळ्या. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे बाहेरून कुणाला दिसू नये.

"मी आता काय करू?"

"ते मला विचारू नका, मॅडम."

तेवढ्यात नवलगुंदचे कुणी व्यापारी आले. "बर्रि, कूडरि," असं कानडीत या-बसा म्हणत तो त्यांच्यासाठी गादीवरची जागा करू लागला. मी निघाले. त्याने 'या परत' म्हटलं नाही. नेहमी म्हणतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नऊला लिहायला बसले, दुपारी बारा वाजता पानावर टाकलं. माझ्या पूर्ण नावानिशी. आकडा मी लिहिला, मी विसरले. २६ जानेवारीला विचारल्यावर फाइल बदलून खोटं सांगितलं, आणि एकवीस दिवस दुसऱ्याला शिव्या खाऊ दिल्या. पहिल्या मसुद्यात 'प्रकृतीच्या कारणाने' असं काहीतरी होतं. काढून टाकलं.

पाठवण्याआधी मुकुलना वाचायला दिलं. वाचून चष्मा काढला. "मैत्रिणीने चांगलं लिहिलंय," एवढंच म्हणाले आणि स्वतः भात लावायला गेले. म्हणजे त्या दिवशीच कळलं होतं तर.

बेंगळुरूच्या संस्थेलाही तेच सविस्तर कळवलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पानावर उत्तरं आली सात. एकाने विचारलंय, 'एकवीस दिवस का?' एकाने लिहिलंय, यापुढे यांचं काही घेऊ नये. बाकीच्यांनी अनिकेतची माफी मागितली. मी तासातासाला पान उघडून बघत होते. कशासाठी ते आज दुपारी वर्गात फळ्याकडे तोंड असताना उमगलं: कुणीतरी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक करेल म्हणून. खडू हातात धरून तशीच उभी राहिले. मुलांना वाटलं, गणित अडलं.

अनिकेतला अधिकार परत देऊ केलाय. त्याने लिहिलं, 'सध्या नको.' बेंगळुरूची जागा भरली आहे. मला त्याचा संदेश नाही.

उमेशचाही नाही. तो ते पान रोज वाचतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेले सहा दिवस घरचं नेट दुसऱ्या कशाला वापरलं नाही. मुकुलनी बातम्या बघितल्या नाहीत. पहिल्या ब्लॉकपासूनचं सगळं, साडेचारशेच्या वर जीबी, नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. ते घेऊन आज अळणावरला गेले. येते असा निरोप पाठवला होता. उत्तर नव्हतं. स्टेशनवर कुणी नव्हतं.

उमेश एका मोबाइलची काच बसवत होता. मान वर केली नाही. मी उभीच.

"उमेश, वाचलं असशील तू."

"वाचलं."

"माफ कर म्हणायला आले नाही. ही डिस्क आणलीय. यात सगळं आहे, नेटची वाट बघायला नको."

काच बसवून झाली. मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "अक्का, तुम्ही हितंच बसला होता. ह्याच खुर्चीवर. मी त्या अनिकेतसरांना काय काय बोललो, आणि तुम्ही शिरा खाल्ला."

मी पिशवीतून डिस्क काढून पुढे धरली.

त्याने हात पुढे केला, डिस्क घेतली, उलटसुलट करून बघितली. "हे तुमचं आहे म्हणून माझं यंत्र मानायचं न्हाई. पहिल्यापासून एकेक तपासून घेणार."

"घेऊ दे. त्यासाठीच तर आहे ते."

"तीन दिवस लागतील."

"चालू तर कर. पहिले काही तास बघून जाते, कुठे अडकलं तर."

त्याने जोडली. पडद्यावर आकडे सरकू लागले. तो पुढच्या मोबाइलकडे वळला. खुर्ची रिकामी होती, पण त्याने बसा म्हटलं नाही, म्हणून मी दाराशेजारच्या खोक्यावर बसले. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. कुणाला त्याने सांगितलं नाही मी कोण ते. दीड वाजता रेखा त्याचा डबा घेऊन आली. मला पाहून थबकली, डबा ठेवून गेली.

तीनच्या सुमारास एक म्हातारी आली, तानूबाई म्हणून. जवळच्या वाडीवर राहते, फोनचा आवाज येईना म्हणून दुरुस्तीला दिला होता. उमेश तो उघडून बसला, तशी ती माझ्याशेजारी टेकली आणि मला न्याहाळू लागली.

"तू कोण गं बाई? सकाळी बाजाराला गेलो तवा बी हितंच होतीस. पोराची कोण लागतीस?"

उमेशचा हात थांबला.

"मी कुणी लागत नाही, आजी," मी म्हटलं. "यांचं एक काम माझ्या हातून बिघडलं. आणि दोष दुसऱ्यावर जाऊ दिला. ते नीट करायला आलेय."

म्हातारीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झालं मग नीट?"

"अजून नाही."

"बस मग," म्हणाली, आणि पदर सावरून स्वतःही माझ्याशेजारी नीट बसली.